तांडेल यांची चौकशी

माणूस ओळखायचा असेल तर त्याला त्याच्या अन्नासमोर उभं करून पाहावं. तिथे तो खोटं बोलू शकत नाही, असं माझं फार जुनं आणि ठाम मत आहे. हे वाक्य मी आजवर चार ठरत आलेली लग्नं मोडताना वापरलं आहे. पाचवं मोडायला निघालो तेव्हाही स्कूटरवर मनात तेच घोळवत होतो.

नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी, बुधवार, दुपारचा सव्वा वाजलेला. कर्वेनगरच्या एका गल्लीत पिठाची गिरणी आणि लाँड्री यांच्या मधल्या गाळ्यात मी शिरलो. दाराला कमरेपर्यंत येणारा निळा पडदा, आत एक लांब लाकडी ओटा, ओट्यापुढे आठ खुर्च्या आणि ओट्यामागे एक माणूस. टेबलं नव्हती. पुण्यात आठच माणसं बसतील असं हॉटेल काढणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो किंवा काहीतरी लपवत असतो. श्रीमंत तो नव्हता, हे मी आधीच काढलं होतं.

"नमस्कार. एकटेच?"

"एकटाच. पटवर्धन," मी म्हणालो. नाव त्यानं विचारलं नव्हतं.

"बसा, पटवर्धन साहेब. कुठेही बसा."

मी शेवटची खुर्ची घेतली. पाठीला भिंत, समोर दार आणि स्वयंपाकघराचा पडदा, दोन्ही नजरेत.

माझं नाव पटवर्धन नाही, उपासनी. मुकुंद उपासनी. तेव्हा मी एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचो. कुणाच्या गोदामाला आग लागली की ती कशी लागली हे पाहायला मला पाठवत, आणि ती लागली नसून लावली आहे, असं मी बहुतेक वेळा लिहीत असे. हे कसब पाहून घरच्यांनी स्थळांच्या चौकशीचं कामही माझ्याकडे दिलं होतं. माझ्या तपासणीतून एकही स्थळ सुटलेलं नव्हतं. नातेवाईक माझा आदर करत. ज्यांच्या घरात लग्नाची मुलं होती ते लांबूनच करत.

या स्थळाबद्दल चार दिवसांपूर्वी शैलाताईचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, फोन आला होता.

"मुकुंदा, ऋजुतानं एक मुलगा आणलाय."

"घरी?"

"घरी कशाला आणेल. बोलण्यात आणलाय. सुशी करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सुशी करतो. भातावर कच्चा मासा ठेवायचा आणि लोकांना द्यायचा. हरेश तांडेल नाव. अलिबागकडचा आहे, थळचा."

मी नाव लिहून घेतलं.

"हे बघ, आम्ही जातबीत काही मानत नाही," ताई म्हणाली. "तुझ्या भावोजींनी तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, तो विषयच नाही. पण माणूस कसा आहे, हे नको का बघायला?"

"बघायला हवं."

"मग तू बघून ये. तू बघितलंस की काहीतरी निघतंच."

म्हणजे तो विषय नव्हता. दुसरा कुठला तरी विषय हवा होता, आणि तो शोधून आणायचं काम माझ्याकडे आलं होतं.

ताईची मुलगी ऋजुता तेव्हा बत्तीस वर्षांची होती. त्याआधी तीन वर्षांपूर्वी तिचं एक लग्न ठरत आलं होतं, ते माझ्या अहवालावर मोडलं. पुढचं वर्षभर ती माझ्याशी फक्त दिवाळीला बोलली, आणि तेही "मामा, चिवडा घ्या" एवढंच. या वेळीही काही निघालं तर ती काय करेल, हे मला माहीत नव्हतं. ताईलाही माहीत नसावं, पण ताईचा स्वभाव आधी करून मग पाहायचा आहे.

तर मी त्या खुर्चीत बसलो आणि कामाला लागलो. आधी ओटा पाहिला. ओटा फार स्वच्छ होता. माझ्या धंद्यात फार स्वच्छ गोष्टींचं नेहमी वाईट होतं. आगीतून ज्या गोदामाची कागदपत्रं नीट इस्त्री केल्यासारखी बाहेर येतात, त्याचा दावा मी कधी मंजूर केला नाही. मग माणूस पाहिला. पस्तिशीचा, सावळा, केस बारीक कापलेले, उजव्या अंगठ्याजवळ जुना व्रण. त्याचा फोन ओट्याच्या टोकाला होता. तो दोनदा थरथरला आणि दोन्ही वेळा त्यानं स्क्रीन पाहून तो पालथा घातला. स्वयंपाकघराच्या पडद्याआड एक बाई खोकली. खोकून झाल्यावर एकदम शांत झाली. ती शांतता मला आवडली नाही.

"मासे चालतात ना, पटवर्धन साहेब?"

"चालतात."

आमच्या घरात सात पिढ्या मासा शिरलेला नाही. पण रत्नागिरीपासून मालवणपर्यंत बुडालेल्या होड्यांचे दावे मी पाहिले आहेत, आणि तपासणीला गेलेल्या माणसाला स्थानिक परिस्थितीशी जुळवून घ्यावं लागतं.

"काही चालत नसेल तर आत्ताच सांगा. नाहीतर मी देतो ते खायचं, असं आहे इथे."

"म्हणजे मेनू नाही?"

"नाही. सकाळी जे चांगलं मिळतं ते."

मेनू नाही, हे मी मनात टिपलं.

त्यानं ओल्या हातात थोडा भात घेतला, दोनदा दाबला, त्यावर सुरमईची एक चकती बसवली आणि ती माझ्यापुढच्या लाकडी पाटावर ठेवली. ती त्यानं माझ्या डाव्या हाताशी, त्या बाजूला किंचित तिरकी करून ठेवली होती. मी डावखुरा आहे. मी अजून पाटाकडे हातही नेला नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

"टॉवेल डाव्या हातानं उचललात," तो म्हणाला. "लगेच खा. भात कोमट आहे तोवर."

मी तो घास नाकाशी नेला.

"वास घेऊन झाला की खा," तो म्हणाला आणि पुढच्या माशाकडे वळला.

घास तोंडात ठेवल्यावर मी काही क्षण चौकशी थांबवली. मग पुन्हा सुरू केली.

"इथे येऊन किती वर्षं झाली?"

"दोन."

"आणि त्याआधी?"

"जपानात. ओसाकाला. सात वर्षं."

"मोठी संस्था असेल."

"सोळा खुर्च्यांची," तो म्हणाला.

यानंतर बांगडा आला. मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला, पाठीवरची निळी चमक तशीच. मग माकूळ, म्हणजे स्क्विड, आलं. त्यावर त्यानं सुरीनं केसासारख्या बारीक रेघा मारल्या आणि तुकडा मधोमध कापून दोन लहान घास केले.

"अर्धं का केलं?" मी विचारलं.

"माकूळ चिवट असतं. तुम्ही उजवीकडून चावत नाही. दाढेचं काही काम चालू असेल."

माझं रूट कॅनाल चालू होतं. ते माझी बायको आणि दाताचा डॉक्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं. मी चार दिवस खपून या माणसाबद्दल लाँड्रीवाल्याकडून दोन आणि गिरणीवाल्याकडून एक अशा तीन गोष्टी मिळवल्या होत्या. माणूस चांगला आहे, शांत आहे, वेळेवर दुकान उघडतो. तिन्ही निरुपयोगी. आणि यानं वीस मिनिटांत, मला दोन घास चारून, माझा हात आणि दाढ दोन्ही काढले होते. इतकं लक्ष ठेवायची सवय माणसाला उगाच लागत नाही.

मग मला ती चौकट दिसली.

ओट्यामागच्या भिंतीवर तेवढी एकच वस्तू होती. काळ्या लाकडाची चौकट, आत जपानी अक्षरांचा कागद, रकाने आखलेले, खाली गोल लाल शिक्का.

"सर्टिफिकेट वगैरे घ्यावं लागत असेल तिकडे," मी म्हणालो.

तो काही बोलणार तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. त्यानं तो घेतला, पाठ फिरवून "हो, आलेत. नंतर" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. सर्टिफिकेटचा प्रश्न हवेतच राहिला.

मी फोन काढला. अन्नाचा फोटो काढण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली होती, तिचा फायदा घेऊन मी बांगड्यावर कॅमेरा रोखला, हळूच वर नेला आणि चौकटीचा फोटो काढला. पुण्यात दर इमारतीत जपानी येणारं एक माणूस असतं. आमच्या इमारतीत सबनीसबाई होत्या. त्यांना फोटो पाठवून मी लिहिलं, "हे सर्टिफिकेट खरं आहे का? तातडीचं. कुणाला सांगू नये."

मी तिसलीचा, म्हणजे शिंपलीचा, घास खात असताना उत्तर आलं.

"हे सर्टिफिकेट नाही. कचऱ्याचं वेळापत्रक आहे. सोमवारी आणि गुरुवारी जळणारा कचरा. बुधवारी बाटल्या. मोठं सामान टाकायचं असल्यास आधी फोन करावा. कुठे मिळालं? आपल्या सोसायटीला दाखवायला हवं."

मी फोन खिशात ठेवला. मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. निघालं होतं. दुकानात कचऱ्याचं वेळापत्रक चौकटीत लावून गिऱ्हाइकांना सर्टिफिकेट म्हणून दाखवणारा माणूस. यात जात कुठे आली? ताईला हवा तसा स्वच्छ, सुशिक्षित विषय. अहवालाचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयारही झालं.

आता फक्त त्याच्या तोंडून खोटं काढायचं राहिलं होतं.

"ते तुमचं सर्टिफिकेट का हो?" मी अगदी सहज विचारलं.

त्यानं मागे वळून पाहिलं. "ते? नाही. कचऱ्याचं वेळापत्रक आहे."

मी पुढे काय विचारायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मी ज्या वॉर्डात राहायचो तिथलं," तो सुरी पुसत म्हणाला. "गेलो तेव्हा वाचता काहीच यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात माशाची आतडी भरलेली पिशवी बाटल्यांच्या दिवशी ठेवली. खालच्या मजल्यावर एक आजी राहायची. ती पिशवी परत घेऊन वर आली, दारात ठेवली, आणि हा कागद माझ्या हातात दिला. मग रोज संध्याकाळी एक रकाना वाचून घ्यायची. यावरच मी वाचायला शिकलो. येताना काढून आणला."

"मग सर्टिफिकेट कुठे आहे?"

"आमच्यात नसतं. दोन वर्षं तांदूळ धुतले, मग भात शिजवायला दिला, मग मासा. शेवटी उस्ताद म्हणाले, आता जा. तेवढंच."

"लोकांना ते सर्टिफिकेट वाटत असेल."

"वाटतं."

"तुम्ही सांगत नाही?"

"विचारलं तर सांगतो. पण विचारत कुणी नाही. फोटो काढतात," तो म्हणाला आणि माझ्यापुढे कोळंबी ठेवली. डावीकडे.

माझा अहवाल पुन्हा कोरा झाला. मी कोळंबी खाल्ली. ती खाताना स्वयंपाकघराचा पडदा सरकला आणि खोकणारी बाई बाहेर आली. साठीची, ठेंगणी, कानात सोन्याच्या जाड कुड्या, हातात वाफेचा चहा. ती सरळ माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"झाली का यांची चौकशी?" तिनं हरेशला विचारलं. "मना पन दोन गोष्टी इचारायच्या हायत."

"आई, थांब जरा."

"किती थांबू? चहा गार झाला."

मी उठायच्या बेतात होतो.

"बसा, मामा," हरेश म्हणाला. "ऋजुतानं सांगितलं होतं तुम्ही येणार म्हणून. म्हणाली, मामा येतील, दुसरं नाव सांगतील, भिंतीला पाठ लावून बसतील. त्यांना त्यांचं काम करू दे."

"नाव काय सांगितलं यांनी?" आईनं विचारलं.

"पटवर्धन."

तिनं मला नीट पाहून घेतलं. "शोभत नाय," ती म्हणाली.

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी पकडला गेलो ते एवढं एकदाच. मी पाणी प्यायलो.

"तुम्ही काही घेत नाही?" बोलायचं म्हणून मी तिला विचारलं.

"ह्या ओट्यावरचं? नाय बाबा. कच्ची मासली आमच्याकडं मांजर खातं. ह्याला सात वर्सं तेच शिकवलं तिकडं." तिनं बशीत चहा ओतला. "मना सांगा, तुमचे भाचीला राग येतो?"

"येतो."

"किती दिवस टिकतो?"

"एक वर्ष."

तिनं मुलाकडे पाहिलं. मुलगा काकडी कापत होता.

"म्हाईत कसं तुमाला?"

"माझ्यावरच आला होता."

"का?"

इथे मला काहीही सांगता आलं असतं. मी पटवर्धन आहे असं नुकतंच सांगून झालं होतं, एका खोट्यानं आणखी काही बिघडलं नसतं. पण ही बाई माझ्याकडे अशी पाहत होती, जसा मी गोदामाच्या मालकांकडे पाहतो.

"तिचं लग्न ठरत आलं होतं," मी म्हणालो. "मी मोडलं."

"पोरगा वाईट होता?"

"नाही. रोज सकाळी एक गोळी घ्यायचा. घरच्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं."

"कसली गोली?"

"थायरॉइडची."

तिनं कमरेचा बटवा सोडला. त्यातून सुपारी, एक किल्ली आणि गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही?"

मी नाव वाचलं. तीच होती.

"पंधरा वर्सं घेते. उपाशीपोटी," ती म्हणाली. "ह्याचे बापाला दोन वर्सं म्हाईत नव्हतं. त्यानी इचारलंच नाय."

पट्टी पुन्हा बटव्यात गेली. शेजारच्या गिरणीचा पट्टा चालू झाला आणि ओट्यावरच्या वाट्या बारीक थरथरू लागल्या.

"मग ह्याच्यात काय काढलंत?" तिनं मुलाकडे बोट केलं.

"अजून काही नाही."

"आलाय तर काढा की. मी सांगते, लिवून घ्या. घोरतो. बापानी होडी इकली म्हणून तीन वर्सं त्याच्याशी बोलला नाय. आनि लग्नाचं मना सगल्यांचे शेवटी सांगितलं."

"आई."

"खोटं हाय?"

"नाही," हरेश म्हणाला.

ती उठली, कप घेऊन आत गेली, पडद्याशी थांबली. "तुमची पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "पन तुमचे घरात एवढी लग्नं मोडतात, त्याची कोनी चौकशी केली का?"

पडदा पडला. हरेशनं माझ्यासमोर अंड्याचा एक पिवळा, चौकोनी तुकडा ठेवला.

"शेवटी अंडं असतं," तो म्हणाला. "झालं."

मी ते खाल्लं आणि हात पुसले. निघताना न राहवून विचारलं, "तुम्हाला माझ्या अहवालाची काळजी वाटत नाही?"

त्यानं थोडा विचार केला. "मला नाही. ऋजुताला वाटते. तुमची. म्हणाली, मामांनी या वेळी पण काहीतरी काढलं, तर मला त्यांच्याशी बोलणं कायमचं सोडावं लागेल. आणि मला मामा एकच आहे."

तो पाट धुवायला वळला. मी स्कूटर सुरू केली. ती तिसऱ्या किकला लागली.

संध्याकाळी सहा वाजता मी सहकारनगरला ताईकडे गेलो. भावोजी हॉलमध्ये पेपर घेऊन बसले होते, पण त्यांनी चष्मा लावलेला नव्हता. ताईनं चहा आणला आणि माझ्यासमोर बसली.

"काय निघालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही निघालं नाही."

"मुकुंद, तू तीन तास होतास तिथे," भावोजी म्हणाले.

"दीड."

"पितो?"

"नाही."

"आधीचं लग्नबिग्न?"

"नाही."

"घरात काही आजार?"

"आईला थायरॉइड आहे."

"बघा," ताई भावोजींकडे वळली. "आनुवंशिक असतं ते."

"ताई, तुलाही आहे," मी म्हणालो.

"मला पन्नाशीनंतर झालं."

भावोजींनी पेपरची घडी घातली. "शिक्षण? तिकडे शिकला म्हणतो, त्याचं काही प्रमाणपत्र?"

"नाही. त्यांच्यात देत नाहीत."

इथे मी कचऱ्याचं वेळापत्रक सांगू शकलो असतो. ताईच्या हाती ते लागलं असतं तर जेवणाच्या वेळेपर्यंत नागपूरच्या आत्यापर्यंत पोचलं असतं, आणि आजी, आतडी, रकाने हे सगळं वाटेत गळून पडून चौकट तेवढी उरली असती. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं वाक्य होतं. मी चहा प्यायलो.

"मुकुंदा, असं करू नकोस," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मग आम्ही तिला काय सांगायचं?"

"कशाबद्दल?"

"आपण नकार का देतोय, त्याबद्दल."

"खरं सांगा."

"खरं काय?"

"तो तांडेल आहे, म्हणून."

ताईनं बशी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. भावोजींनी आता चष्मा लावला.

"तो विषय नाही, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय," ते म्हणाले.

"मग विषय नाही," मी म्हणालो.

त्या हॉलमध्ये मी आजवर चार अहवाल दिले होते. प्रत्येक वेळी ताईनं मला जेवूनच जा म्हटलं होतं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि तिचा चेहरा मला ऋजुतासारखा दिसला, म्हणजे चिवडा देतानाच्या ऋजुतासारखा. मला वाटलं, एक नातं वाचवायला आलो आणि दुसरं घालवलं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी आग खरी मानली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी का होईना, आपण एका मुलीचं आयुष्य मार्गी लावलं, असं मनात आलं आणि मी किंचित ताठ बसलो.

दाराचं लॅच वाजलं. ऋजुता ऑफिसातून आली होती. एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून ती उंबऱ्यात थांबली आणि आम्हा तिघांकडे पाहू लागली.

"मामा, जेवलात?" तिनं विचारलं.

"दुपारी जेवलो."

"काय निघालं?"

"काही नाही."

तिनं आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. दोघांपैकी कोणीही माझं म्हणणं खोडलं नाही. मग तिनं दुसरी चप्पल काढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तीन वर्षांत ती माझ्या शेजारी बसली नव्हती.

"आई, बाबा, सोमवारी सकाळी अकराची वेळ मोकळी ठेवा," ती म्हणाली.

"कशाला?" ताईनं विचारलं.

"रजिस्टर लग्न आहे. माझं आणि हरेशचं. नोटीस डिसेंबरातच दिली. रविवारी तीस दिवस भरतात."

"आम्हाला सांगायचं तरी," ताई म्हणाली.

"सांगितलं असतं तर मामांना डिसेंबरातच पाठवलं असतंस."

यावर भावोजी हसले. लगेच थांबले, पण हसले.

"म्हणजे मी आज काहीही लिहिलं असतं तरी," मी विचारलं, "लग्न होणारच होतं?"

"हो, मामा."

"मग मला जाऊ कशाला दिलंस?"

"तीन साक्षीदार लागतात," ती म्हणाली. "हरेशची आई आहे, माझी एक मैत्रीण आहे. तिसरं नाव ठरवायचं होतं. म्हटलं, आधी बघू, या वेळी काय निघतंय." तिनं माझ्या कपात उरलेला चहा घेतला आणि पिऊन टाकला. "आधार कार्ड घेऊन या. खरं नाव असलेलं."

मी हो म्हणालो. ताईनं मग मला जेवून जा म्हटलं, पण माझं पोट दुपारच्या जेवणानंच भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती नोटीस पाहायला गेलो. विवाह नोंदणी कार्यालयाच्या बाहेर फळ्यावर ती टाचलेली होती. दोघांचे फोटो, पत्ते, वयं, व्यवसाय. फोटोत ऋजुता हसत होती. खाली छापलं होतं, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. सत्तावीस दिवस झाले होते. ते कार्यालय आमच्याच ऑफिसच्या इमारतीत आहे, माझ्या एक मजला खाली. लिफ्ट तेव्हा दोन महिने बंद होती, आणि त्या फळ्यासमोरून मी दिवसातून चार वेळा जात होतो.